अल्टरनेटरची शीळ

अल्टरनेटरची शीळ हा मोटारवाहनातील ध्वनियंत्रणेत उद्भवणारा विद्युतदोष आहे. इंजिन सुरू असताना स्पीकरमधून गाण्याच्या पाठीमागे एक बारीक, सलग, शिट्टीसारखा स्वर ऐकू येतो. ॲक्सिलरेटर दाबला की तो चढतो, सोडला की उतरतो आणि इंजिन बंद होताच थांबतो. इंजिनाच्या गतीबरोबर होणारा हा चढउतार हीच या दोषाची खूण होय. दोष बहुधा स्पीकरमध्ये नसतो आणि टेपमध्येही क्वचितच असतो. तो वाहनाच्या विद्युत जोडणीत, त्यातही अर्थिंगमध्ये असतो. काही वेळा मात्र ही शीळ म्हणजे अल्टरनेटर निकामी होत असल्याची पूर्वसूचना असते. म्हणून आवाज दाबून टाकण्याआधी त्याचे कारण शोधणे आवश्यक ठरते.

उगम

वाहनातील बॅटरी भारित करण्यासाठी आणि इंजिन चालू असताना सर्व उपकरणांना वीज पुरवण्यासाठी अल्टरनेटर वापरतात. तो पट्ट्याद्वारे इंजिनाशी जोडलेला असतो. त्यात तीन वेटोळ्यांमध्ये प्रत्यावर्ती धारा निर्माण होते व किमान सहा डायोडांचा संच तिचे दिष्ट धारेत रूपांतर करतो. हे रूपांतर पूर्ण सपाट नसते. दुरून सपाट दिसणाऱ्या पत्र्यावर जवळून पन्हळी दिसाव्यात, तशा या दिष्ट धारेवर बारीक लहरी शिल्लक राहतात. बॅटरी त्या बऱ्याच अंशी गिळून टाकते. पण सगळ्या नाही.

या लहरींची वारंवारता काढणे अवघड नाही. मोटारींतील बहुतेक अल्टरनेटरांच्या फिरत्या भागाला 12 ध्रुव, म्हणजे 6 ध्रुवजोड्या असतात. एका फेऱ्यात 6 आवर्तने आणि प्रत्येक आवर्तनात 6 लहरी, अशा एका फेऱ्यात 36 लहरी उमटतात. इंजिन मिनिटाला 800 फेरे या मंद गतीवर असेल आणि पुलीचे प्रमाण अडीच असेल, तर अल्टरनेटर मिनिटाला 2000 म्हणजे सेकंदाला सुमारे 33 फेरे घेतो व लहरींची वारंवारता सुमारे 1200 हर्ट्झ भरते. इंजिन 2000 फेऱ्यांवर गेले की तीच 3000 हर्ट्झ होते. संगीताच्या विद्यार्थ्याला हा चढ एका सप्तकाहून मोठ्या मींडेसारखा ऐकू येईल. मानवी कान साधारण 2000 ते 5000 हर्ट्झ या पट्ट्यात सर्वाधिक संवेदनशील असतो. त्यामुळे लहरी मोजमापाने क्षुल्लक असल्या, तरी कानाला त्या क्षुल्लक वाटत नाहीत.

वाहनातील रेडिओ आणि वाहनातील वीज यांचे भांडण जुनेच आहे. 1930 साली अमेरिकेत गॅल्व्हिन बंधूंनी ‘मोटोरोला’ या नावाने मोटारीचा रेडिओ विक्रीस आणला, तेव्हा इंजिनाच्या ठिणग्यांचा खरखराट ही मोठी अडचण होती. पुढे 1960च्या दशकात डायनॅमोची जागा हळूहळू अल्टरनेटरने घेतली. डायनॅमोच्या ब्रशांची खरखर गेली आणि डायोडांची शीळ आली.

शिरकावाच्या वाटा

वाहनाचा लोखंडी सांगाडा हीच ऋण तार म्हणून वापरली जाते. दिवे, पंखा, वायपर, हॉर्न या सर्वांची धारा बॉडीतून बॅटरीकडे परतते. पुस्तकात बॉडीचा रोध शून्य धरला जातो; प्रत्यक्षात प्रत्येक सांध्याला, प्रत्येक गंजलेल्या बोल्टला थोडा रोध असतो. समजा टेपचा अर्थ डॅशबोर्डामागे आणि ॲम्प्लिफायरचा अर्थ मागच्या डिकीत जोडला आहे, आणि या दोन ठिकाणांमध्ये 0.005 ओहम रोध आहे. अल्टरनेटरच्या लहरींची केवळ 1 ॲम्पिअर धारा या वाटेने गेली, तरी दोन ठिकाणांमध्ये 5 मिलिव्होल्टचे लहरते विभवांतर निर्माण होते. टेप आणि ॲम्प्लिफायर यांना जोडणाऱ्या ध्वनीच्या केबलची बाहेरची जाळी या दोन अर्थांना पुन्हा जोडते, वर्तुळ पूर्ण होते आणि ते विभवांतर गाण्याच्या संकेतात मिसळते. याला अर्थिंगचा फेरा म्हणता येईल. शिळेचे सर्वाधिक आढळणारे कारण हेच.

हे 5 मिलिव्होल्ट किती मोठे ऐकू येतील, हे ॲम्प्लिफायरच्या गेनवर अवलंबून असते. 0.2 व्होल्टला पूर्ण आवाज मिळेल असा गेन ठेवला असेल, तर शीळ पूर्ण संकेताच्या 40व्या भागाइतकी असते आणि हळू गाण्यात ती स्पष्ट ऐकू येते. टेप 4 व्होल्टचा संकेत देणारा असेल आणि गेन त्याला जुळवून खाली आणला असेल, तर तीच शीळ 800व्या भागाइतकी उरते. गेन म्हणजे आवाज वाढवण्याचे बटण नव्हे; तो दोन उपकरणांचा मेळ बसवण्यासाठी असतो. हा समज नसल्यामुळे अनेक गाड्यांत तो शेवटपर्यंत पिळून ठेवलेला आढळतो.

दुसरी वाट म्हणजे ध्वनीची केबल आणि ॲम्प्लिफायरची जाड वीजवाहक तार एकाच बाजूने, एकत्र बांधून नेणे. तिसरी आणि अलीकडे टॅक्सींत सर्रास दिसणारी वाट मोबाइलची आहे. फोन लायटरच्या सॉकेटवर चार्जिंगला लावलेला असतो आणि त्याच वेळी ऑक्स केबलने टेपला जोडलेला असतो. येथे अर्थिंगचा फेरा फोनमधून पूर्ण होतो. चार्जिंगची तार काढताच शीळ गेली, तर निदान झाले असे समजावे.

निदान

निदानाचे तत्त्व एकच आहे: यंत्रणेचा एकेक टप्पा वेगळा करावा आणि शीळ कोणत्या टप्प्यावर नाहीशी होते ते पाहावे. आरंभ आवाजाच्या बटणापासून करावा. आवाज वाढवल्यावर शीळही वाढत असेल, तर ती त्या बटणाच्या आधी, म्हणजे रेडिओ, फोन किंवा अशा एखाद्या स्रोताकडून येते. आवाज शून्य केला तरी ती तशीच राहत असेल, तर ती बटणाच्या पुढे, केबलमध्ये किंवा ॲम्प्लिफायरमध्ये शिरते. शीळ फक्त मध्यम लहरीवर, उदाहरणार्थ मुंबई आकाशवाणीच्या 558 किलोहर्ट्झवरील अस्मिता वाहिनीवर येत असेल आणि इतर कोणत्याही स्रोतावर येत नसेल, तर संशय ॲंटेना व तिच्या अर्थिंगवर जातो.

पुढची पायरी म्हणजे ॲम्प्लिफायर बंद करून त्याला येणाऱ्या ध्वनीच्या केबल काढणे आणि तेथे आतील टोक व बाहेरील कडे जोडलेल्या पिना बसवून तो पुन्हा सुरू करणे. शीळ थांबली तर दोष केबलमध्ये वा टेपकडे आहे; राहिली तर ॲम्प्लिफायरच्या वीजपुरवठ्यात किंवा अर्थिंगमध्ये. या एका परीक्षेने निम्मा शोध संपतो, तरी ती सर्वांत कमी केली जाते.

अर्थिंग तपासताना मल्टीमीटर ओहमवर लावून ‘रोध शून्य आहे’ असे म्हणणे निरुपयोगी असते. मीटरच्या तारांचाच रोध येथे शोधायच्या रोधापेक्षा अधिक असतो. त्याऐवजी इंजिन चालू, दिवे लावलेले आणि गाणे मोठ्याने वाजत असताना ॲम्प्लिफायरचा अर्थ आणि बॅटरीचे ऋण टोक यांमधील विभवांतर मोजावे. ते 0.1 व्होल्टहून लक्षणीय अधिक असल्यास तो सांधा उकलून पाहावा. हे करताना ओढणी, उपरणे, सैल बाह्या फिरत्या पट्ट्यापासून दूर ठेवाव्यात.

अल्टरनेटरची प्रकृती

शीळ पूर्वी नव्हती आणि कोणतेही नवे उपकरण न बसवता ती अचानक आली असेल, तर प्रथम अल्टरनेटर तपासावा. इंजिन चालू असताना 12 व्होल्टच्या बॅटरीवर सामान्यतः 13.8 ते 14.4 व्होल्ट मिळतात. त्यानंतर मीटर प्रत्यावर्ती धारेच्या व्होल्टवर लावून तेथेच लहरी मोजाव्यात. निरोगी अल्टरनेटरमध्ये हे माप साधारण 0.1 व्होल्टच्या आसपास वा त्याहून कमी येते; 0.5 व्होल्टच्या पुढे गेल्यास डायोड बिघडल्याचा संशय घ्यावा. एक डायोड उघडा पडल्यास प्रत्येक आवर्तनातील लहरींची समानता मोडते आणि वरच्या उदाहरणातील 1200 हर्ट्झच्या शिळेत 200 हर्ट्झचा जाड, घोगरा स्वर मिसळतो. डायोड गळका झाला असेल, तर गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरी उतरलेली आढळते. अशा अवस्थेत डॅशबोर्डावरील बॅटरीचा दिवा लागेलच असे नाही, म्हणून कानाला मिळालेली सूचना मोलाची असते.

तळोजा परिसर आणि मालवाहू वाहने

पनवेल तालुक्यातील तळोजा येथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची मोठी वसाहत आहे. जवळच कळंबोलीचा पोलाद बाजार आणि मुंबई–पुणे महामार्ग असून न्हावा-शेवा बंदराकडे जाणारी वाहतूकही याच भागातून होते. त्यामुळे येथे ट्रक, टँकर आणि कंटेनरवाहू वाहनांची सतत वर्दळ असते. लांबच्या प्रवासात चालकाला जागे ठेवणारी गोष्ट म्हणजे केबिनमधले गाणे, आणि ट्रकमध्ये शिळेचा प्रश्न मोटारीपेक्षा वेगळा असतो.

बहुतेक जड वाहनांत 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकसरीत जोडून 24 व्होल्टची यंत्रणा केलेली असते. बाजारात मिळणारा टेप मात्र 12 व्होल्टचा असतो. अशा वेळी स्वस्त युक्ती म्हणून टेपची तार दोन बॅटऱ्यांच्या मधल्या जोडावरून घेतली जाते. गाणे वाजते, पण अर्थिंगच्या बाजूची बॅटरी सतत अधिक उतरते आणि वरच्या बॅटरीला प्रमाणापेक्षा जास्त भार मिळतो. दोन्हींचे आयुष्य घटते. टेपच्या किमतीत झालेल्या बचतीची वसुली मग बॅटरीच्या दुकानात होते. दुरुस्त मार्ग म्हणजे 24चे 12 व्होल्ट करणारा चांगल्या प्रतीचा कन्व्हर्टर वापरणे. सुमार कन्व्हर्टर अल्टरनेटरच्या लहरी पुढे जाऊ देतो, शिवाय मध्यम लहरीच्या रेडिओवर स्वतःची खरखर घालतो.

दुसरी बाब हवामानाची. कोकणपट्टीतील पावसाळा चार महिने चालतो, पनवेलच्या खाडीची खारी दमट हवा असते आणि गाडीच्या खालच्या भागावर चिखल साचून राहतो. बॅटरी, चॅसिस आणि इंजिन यांना जोडणाऱ्या अर्थपट्ट्यांचे बोल्ट अशा हवेत लवकर गंजतात. इंजिनाची अर्थपट्टी गंजली की अल्टरनेटरची धारा मिळेल त्या वाटेने परतू लागते, आणि त्यांतील एक वाट टेपच्या केबलमधून जाते. पावसाळा सरताच या पट्ट्या काढून, सांधे घासून, पुन्हा घट्ट आवळणे हा बिनखर्चाचा उपाय आहे. तळोज्याहून रात्री माल घेऊन बोरघाट चढणाऱ्या चालकाला याचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही: त्याच अर्थपट्टीवर स्टार्टर आणि दिवेही अवलंबून असतात.

उपाय आणि अपाय

ॲम्प्लिफायरची अर्थतार जाड व शक्यतो 45 सेंटिमीटरपेक्षा आखूड असावी. ती जेथे जोडायची तेथील रंग खरवडून उघड्या धातूवर आवळावी व नंतर वरून ग्रीस लावावे. ध्वनीची केबल एका बाजूने आणि वीजतार दुसऱ्या बाजूने न्यावी. एकमेकींना ओलांडणे अटळ असेल तर काटकोनात ओलांडावे. फोनसाठी ब्लूटूथ वापरल्यास फेराच उरत नाही. ऑक्स केबलच हवी असल्यास मध्ये लहान ट्रान्सफॉर्मरचा आयसोलेटर बसवतात. स्वस्त आयसोलेटरमध्ये तबल्याच्या डग्ग्याचा खर्ज मात्र थोडा हरवतो.

वीजतारेवर बसवायचे फिल्टर दुकानात सर्वप्रथम पुढे केले जातात. शीळ वीजतारेतूनच येत असेल तर ते उपयोगी पडतात. अर्थिंगच्या फेऱ्यातून येणाऱ्या शिळेवर फिल्टर लावणे म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

दोन प्रयोग कधीही करू नयेत. अल्टरनेटर तपासण्यासाठी चालू इंजिनावर बॅटरीचे टोक काढण्याची जुनी रीत डायनॅमोच्या काळात खपून गेली. अल्टरनेटर असलेल्या गाडीत त्यामुळे क्षणार्धात विभवांतर अनेक पटींनी उसळते आणि टेपच नव्हे, तर इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणकही जळू शकतो. तसेच फेरा तोडण्यासाठी ॲम्प्लिफायरची अर्थतार सैल करणे वा कापणे हेही धोक्याचे आहे. मग सगळी धारा ध्वनीच्या बारीक केबलच्या जाळीतून परतू पाहते, केबल तापते आणि आग लागण्याची शक्यता निर्माण होते.

सदृश आवाज

पेट्रोल व सीएनजी वाहनांत इंजिनाच्या गतीबरोबर वाढणारी टकटक ही ठिणगीची असते. रोधयुक्त स्पार्क प्लग आणि चांगल्या प्लगतारा हा तिचा उपाय. डिझेल इंजिनात ठिणगीच नसल्याने हा आवाज येत नाही. चावी फिरवताच सुरू होणारी, गतीनुसार न बदलणारी गुणगुण इंधनपंपाची असू शकते. बोनेटखालून थेट येणारा, टेप बंद केल्यावरही ऐकू येणारा आवाज विद्युतदोषाचा नसून पट्ट्याचा वा अल्टरनेटरच्या बेअरिंगचा असतो. विजेवर चालणाऱ्या वाहनांत अल्टरनेटर नसतो; तेथे मोठ्या बॅटरीतून 12 व्होल्ट काढणारा कन्व्हर्टर आणि मोटरचा इन्व्हर्टर हे गोंगाटाचे स्रोत ठरतात.