सेकंडहँड चिपर घेताय? आधी त्याचं वय विचारा

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण विषय आपल्या कराच्या पैशाचा आहे आणि कुणाच्या तरी हातापायाचाही आहे. सवडीने वाचा.

पावसाळ्याआधीची छाटणी झाली की रस्त्याच्या कडेला फांद्यांचे ढीग पडतात. वारं सुटलं की त्यात उन्मळलेल्या झाडांची भर पडते. ढीग आठवडाआठवडा उचलला जात नाही, कारण फांद्यांनी डंपर भरला तरी त्यात निम्मी हवाच असते. मग कुणीतरी रात्री काडी लावतं. अशा वेळी ग्रुपवर हमखास सूचना येते, "परदेशात असतं तसं मोठं चिपर घ्या ना. नवं परवडत नसेल तर सेकंडहँड घ्या." आमच्या भागातही सध्या हीच चर्चा आहे. सूचना चांगली आहे आणि मी तिच्या बाजूनेच आहे. पण जुनं यंत्र घेताना त्याच्याबरोबर त्याचा काळही घरात येतो. म्हणून आधी थोडा इतिहास.

यंत्र जन्मलं कशासाठी?

चिपर म्हणजे लाकडाचे छोटे तुकडे करणारं यंत्र. जर्मनीच्या उत्तर टोकाला मासब्यूल नावाचं गाव आहे. तिथल्या पीटर येन्सन यांनी १८८४ साली ते बनवलं, असं मानतात. त्याच सुमारास कागदाचा धंदा बदलत होता. १८७९ मध्ये कार्ल डाल यांनी लाकूड रसायनात शिजवून मजबूत लगदा काढायची पद्धत शोधली. शिजवायचं तर ओंडका चालत नाही, सारख्या मापाचे तुकडे लागतात. त्यामुळे चिपर आधी कारखान्यात स्थिरावला. आपल्या राज्यातही तो नवा नाही. बल्लारपूरच्या कागद गिरणीत बांबूचे आणि लाकडाचे असेच तुकडे करून लगदा बनत आला आहे.

कारखान्यातलं हे यंत्र चाकांवर बसून रस्त्यावर आलं ते अमेरिकेत. त्याची कारणं समजून घेण्यासारखी आहेत.

पहिलं कारण विजेच्या तारा. १९२८ साली पेनसिल्व्हेनियात अ‍ॅस्प्लंड बंधूंनी तारांना लागणाऱ्या फांद्या छाटायचा धंदा सुरू केला. आपल्याकडे महावितरण पावसाळ्याआधी जे करतं, तेच काम मोठ्या प्रमाणावर. मैलोन् मैल छाटणी करायची म्हणजे मैलोन् मैल फांद्या उचलायच्या.

दुसरं कारण रोग. १९३०च्या सुमारास युरोपातून आलेल्या लाकडाबरोबर एल्म झाडांचा बुरशीरोग अमेरिकेत पोचला. तिथल्या गावोगावच्या रस्त्यांवर दुतर्फा एल्मच होती. रोग पसरवणारा भुंगेरा मेलेल्या एल्मच्या सालीखाली वाढतो. त्यामुळे तोडलेलं झाड तसंच पडू देणं म्हणजे शेजारच्या झाडाचा जीव घेणं. लाकूड जाळा, पुरा किंवा साल काढून टाका, असे नियम झाले. पुढच्या काही दशकांत कोट्यवधी झाडं गेली.

तिसरं कारण धूर. १९७०च्या हवा प्रदूषण कायद्यानंतर तिथल्या शहराशहरांत उघड्यावर पालापाचोळा जाळण्यावर बंदी आली.

आणि या सगळ्याच्या मुळाशी एक साधी गोष्ट होती. घरं कोळशावर, तेलावर, गॅसवर गेली होती आणि फांदीला गिऱ्हाईक उरलं नव्हतं.

आपण आज त्याच वळणावर आहोत. आपल्याकडे इतकी वर्षं चिपर लागला नाही, कारण फांदी वाया जातच नव्हती. पाला शेळीला, काटक्या चुलीला, जाड फांदी बेकरीला किंवा स्मशानाला. छाटणीवाला निघायच्या आत सरपण गोळा करणाऱ्या बाया हजर असायच्या. २०१६ला उज्ज्वला योजना आली. गावाच्या कडेला चूल अजून पेटते, पण शहरात ती जवळपास विझली. २०२५ मध्ये मुंबईतल्या लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांनाही उच्च न्यायालयाने स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. त्याआधी २२ डिसेंबर २०१६ला राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळण्यावर देशभर बंदी घातली होती. साध्या प्रकारात ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळला तर २५,००० रुपये भरपाई. त्याच वर्षीच्या घनकचरा नियमांनी बागेचा कचरा वेगळा ठेवायला सांगितलं. म्हणजे फांदी विकत कुणी घेत नाही आणि जाळताही येत नाही. म्हणूनच आत्ता चिपरची आठवण येते आहे.

"टाका आणि वाका"

आता मुद्द्याचा भाग. सुरुवातीच्या रस्त्यावरच्या चिपरांत एक जड ड्रम फिरायचा आणि त्यावर पाती असायची. फांदी ओढून घेणारे वेगळे रोलर नव्हते. फांदी तोंडात टाकली की ड्रमच तिला सरळ हिसकावून घ्यायचा, आणि तिचा मागचा शेंडा चाबकासारखा फिरायचा. अमेरिकन कामगारांनी या यंत्राला "चक अँड डक" नाव दिलं होतं. म्हणजे टाका आणि वाका. नाव गमतीचं वाटतं, पण वाकायला उशीर झाला किंवा बाही फांदीत अडकली तर गंमत संपायची.

१९६८ साली न्यूयॉर्क राज्यातल्या एका बाईचा तरुण मुलगा झाडाच्या कामावर असताना गेला. या कामासाठी सुरक्षिततेचे नियमच नाहीत हे कळल्यावर तिने पत्रं लिहायला सुरुवात केली, आणि लिहीत राहिली. त्यातून १९७२ मध्ये झाडकामासाठीचं पहिलं अमेरिकन सुरक्षा मानक आलं. एका आईच्या पाठपुराव्यातून आलेला हा दस्तऐवज आजही नव्याने सुधारून वापरला जातो.

यंत्रही बदलत गेलं. मिशिगनमधली मॉरबार्क १९५७ची, बँडिट १९८३ची, आयोवातली व्हर्मीर १९४८ची. मोठ्या चिपरच्या जुन्या बाजारात ही तीन नावं सारखी दिसतात. हायड्रॉलिक रोलर आले. ते फांदी ठरावीक वेगाने आत नेतात आणि उलटे फिरून बाहेरही काढतात. तोंडाभोवती दांडा आला, तो दाबला की रोलर थांबतात. इंजिनवर ताण आला की रोलर आपोआप थांबवणारी यंत्रणा आली. पुढे काही यंत्रांना पायाच्या उंचीवरही दांडा बसला, म्हणजे माणूस आत ओढला जाऊ लागला तर त्याच्या पायानेच यंत्र थांबावं.

एवढं होऊनही १९९२ ते २००२ या काळात अमेरिकेत चिपरवर ३१ कामगार मेले. बहुतेक आत ओढले गेले. काहींना यंत्राचं झाकण किंवा सुटलेला भाग लागला, कारण ड्रम पूर्ण थांबायच्या आत झाकण उघडलं होतं. इंजिन बंद केल्यावरही ड्रम बराच वेळ फिरत राहतो.

माझं म्हणणं एवढंच आहे, की या यंत्रावरचा प्रत्येक दांडा आणि प्रत्येक खिळ कुणाच्या तरी अपघातानंतर बसलेली आहे. फार जुनं, फार स्वस्त यंत्र म्हणजे हे भाग नसलेलं यंत्र. किंवा "काम अडतं" म्हणून ते काढून टाकलेलं यंत्र.

जुनं यंत्र कसं बघायचं

मोठा चिपर म्हणजे साधारण १८ इंच, म्हणजे ४५ सेंटिमीटर जाडीपर्यंतचं लाकूड घेणारा. वजन साडेचार-पाच टन. घेणाऱ्याने निदान एवढं बघावं:

१. इंजिन थंड असताना जा. आधीच गरम करून ठेवलेलं असेल तर कारण विचारा. तास मोजणाऱ्या मीटरवर एकट्यावर विश्वास ठेवू नका. मीटर बदलता येतो, रोलरच्या दात्यांची झीज लपत नाही.

२. इंजिन बंद, किल्ली स्वतःच्या खिशात, ड्रम खिळीने अडकवलेला, आणि मगच झाकण उघडा. पाती, तिचे बोल्ट आणि समोरची ऐरण बघा. पाती आणि ऐरण यांतली फट वाढली की तुकड्यांऐवजी चिंध्या निघतात आणि डिझेल जास्त जळतं. ड्रमच्या बेअरिंगला हेलकावा असेल तर तो मोठा खर्च आहे.

३. झाकणावर, सांगाड्यावर, ओढायच्या दांड्यावर वेल्डिंगचे डाग शोधा. आतून काहीतरी लोखंडी गेलं असेल तर खूण राहते.

४. रोलर फिरत असताना, फांदी न घालता, थांबवायचा दांडा दाबून बघा. लगेच थांबले पाहिजेत. उलटे फिरले पाहिजेत. दांडा तारेने बांधून ठेवलेला दिसला तर व्यवहार तिथेच थांबवा.

५. उत्पादनाचं वर्ष, मॉडेलची पाटी आणि कंपनीचं माहितीपुस्तक मागा. ते नसेल तर कुठला बोल्ट किती ताणायचा हे कुणालाच कळणार नाही.

घेतल्यावर काय लागतं

खरा खर्च इथे सुरू होतो, आणि टेंडरमध्ये नेमका हाच भाग नसतो. पात्यांचे निदान दोन जादा संच लागतात, म्हणजे एक धारेला गेला तरी काम थांबत नाही. मूळ प्रतीचेच बोल्ट आणि टॉर्क पाना लागतो, कारण फिरत्या ड्रमवरून सुटलेलं पातं म्हणजे तोफगोळाच. अमेरिकन यंत्राचे नटबोल्ट इंची मापाचे, त्यामुळे पान्यांचा वेगळा संच. ओढायला तेवढ्या ताकदीचा ट्रक, मागे ब्रेक आणि दिवे. आणि उंच फळ्यांचा, वर जाळी असलेला डंपर, नाहीतर तुकडे मागच्या दुचाकीवाल्याच्या डोळ्यात.

ओंडके ओढायला विंच मिळतो. तो सोयीचा आहे, पण त्याची दोरी गुंडाळून जागेवर ठेवल्याशिवाय चिपर चालवायचा नाही. दोरी रोलरमध्ये गेली तर तिच्यात अडकलेला माणूसही जातो.

माणसांची तयारी यंत्राइतकीच महत्त्वाची. हेल्मेट, चष्मा, कानावर मफ. सैल बाही नको, लांब मनगटाचे हातमोजे नकोत, गळ्यात टॉवेल तर अजिबात नको. फांदी बुंध्याच्या बाजूने घालायची आणि बाजूला सरायचं. छोट्या काटक्या हाताने किंवा पायाने ढकलायच्या नाहीत, लांब फांदीने ढकलायच्या. एकट्याने काम नाही. हे सगळं रोजंदारीवर काल आलेल्या मुलाला कोण शिकवणार, त्याचं नाव कागदावर हवं.

आपल्या मातीतल्या अडचणी

अमेरिकेच्या यादीत नसलेल्या दोन गोष्टी आपल्याकडे आहेत. पहिली म्हणजे खिळे. आपण झाडाला क्लासची जाहिरात ठोकतो, पुढाऱ्याचा वाढदिवस ठोकतो, रोषणाईची तार गुंडाळतो. हे सगळं सालीखाली जिरतं आणि पहिल्याच दिवशी पात्याची धार जाते. पुण्या-मुंबईत तरुणांनी झाडांचे खिळे काढायच्या मोहिमा केल्या, त्या केवळ भावनेच्या नव्हत्या. चिपर घ्यायचा असेल तर तीच पहिली पायरी आहे.

दुसरी म्हणजे झावळ्या. नारळाचा धागा चिवट असतो. तो तुटत नाही, गुंडाळला जातो आणि यंत्र कोंडतं. किनारपट्टीच्या गावांनी यंत्र घेण्याआधी झावळ्या घालून चाचणी मागितलीच पाहिजे.

शिवाय पाच टनांचं यंत्र आपल्या गल्लीत वळणार आहे का? पुष्कळ ठिकाणी ट्रॅक्टरवर चालणारा लहान चिपर जास्त उपयोगी पडेल.

आणि तुकड्यांचं काय करायचं, हे आधी ठरलं पाहिजे. ओल्या कचऱ्याच्या खतात कोरडा भाग लागतोच, तिथे हे तुकडे सोन्यासारखे आहेत. झाडांच्या आळ्यात आच्छादन म्हणूनही उत्तम, फक्त ताजे तुकडे मातीत कालवू नका, ते नत्र खातात. मोठा ढीगही करू नका, आतून तापतो. फर्निचरला चालेल असा बुंधा मात्र चिपरमध्ये घालू नये, त्याचा लिलाव व्हावा.

एक धोकाही सांगतो. फांद्या पटकन नाहीशा करणारं यंत्र आलं की छाटणीचा हात सैल सुटतो. राज्याचा झाडं जतन करण्याचा कायदा १९७५चा आहे. वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. आधी ढीग बघून तरी कळायचं की किती तोडलंय. चिपर आला की पुरावा तासाभरात डंपरमध्ये. म्हणून प्रत्येक फेरीची नोंद हवी: कुठलं झाड, कुणाची परवानगी, किती तुकडे, कुठे गेले.

तर आपल्या नगरसेवकांना आणि उद्यान विभागाला चार प्रश्न विचारा. यंत्र कुठल्या वर्षाचं आहे? थांबवायचा दांडा चालतो हे सगळ्यांसमोर दाखवणार का? पाती, बोल्ट, प्रशिक्षण यांचे पैसे त्याच टेंडरमध्ये आहेत का? आणि यंत्राच्या तोंडाशी उभा राहणारा माणूस कंत्राटी असेल तर त्याचा विमा कोण भरतंय?

चारही उत्तरं लेखी मिळाली तर मी स्वतः या खरेदीला पाठिंबा देणारी पोस्ट लिहीन. तोवर आपापल्या भागात कुणी चिपर चालवत असेल, त्यावर काम केलं असेल, तर अनुभव खाली लिहा. विशेषतः पाती किती दिवस टिकतात ते. आणि घरासमोरच्या झाडावर जाहिरातीचा खिळा असेल तर तो या रविवारी काढा, फक्त खोडाला इजा न होता.