दोन ग्राफिक्स कार्डे आणि एक एसएमपीएस

पहिली वीस वर्षे पीसीच्या भागांना वीज पुरवणारा एसएमपीएस कुणाच्या खिजगणतीत नव्हता. आयबीएमने १९८१ साली आणलेल्या ५१५० या यंत्रात तो अवघा ६३.५ वॉटचा होता. १९८३ च्या एक्सटीमध्ये हार्ड डिस्क आली, म्हणून तो १३० वॉटचा झाला. पुढच्या वर्षी एटीमध्ये १९२ वॉटचा. कॅबिनेटबरोबर जो येई तो निमूटपणे वापरायचा, अशीच रीत होती. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हे मानक ठरवले तेव्हाही प्रोसेसर आणि मेमरीची भिस्त ३.३ आणि ५ व्होल्टवर होती. १२ व्होल्टवर मुख्यतः पंखे आणि डिस्कच्या मोटारी फिरत.

दोन ग्राफिक्स कार्डे जोडीने चालवण्याची कल्पना घरगुती पीसीत रुजवली ती थ्रीडीएफएक्स या अमेरिकी कंपनीने, १९९८ मध्ये. तिची दोन व्हूडू-२ कार्डे एकत्र लावली की चित्राच्या आडव्या रेषा दोघांत आलटून पालटून वाटल्या जात. विजेचा प्रश्न तेव्हा नव्हताच; पीसीआय स्लॉट एका कार्डाला जास्तीत जास्त २५ वॉट देई आणि त्यात भागे. २००० साली आलेल्या व्हूडू-५ ५५०० ला मात्र एसएमपीएसमधून थेट वायर जोडावी लागली. चार चिपांच्या व्हूडू-५ ६००० साठी तर भिंतीतल्या सॉकेटला लावायचा स्वतंत्र अडॅप्टर योजला होता. ते कार्ड विक्रीला आलेच नाही. वर्षअखेरीस थ्रीडीएफएक्सची तंत्रसंपत्ती एनव्हिडियाकडे जाणार हे ठरले.

त्याच वर्षी प्रोसेसरच्या बाजूने एक बदल झाला, आणि पुढचा सगळा इतिहास त्यावर उभा आहे. पेंटियम-४ साठी इंटेलने १२ व्होल्टचा चार पिनांचा वेगळा कनेक्टर आणला. कारण साधे होते. ६० वॉट ५ व्होल्टवर न्यायचे तर १२ अँपिअर लागतात, १२ व्होल्टवर पाचच. आणि तारेत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी वीज प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून वीज १२ व्होल्टवर प्रोसेसरच्या शेजारपर्यंत न्यायची आणि तिथे मदरबोर्डवरच तिचे दीडेक व्होल्ट करायचे, अशी व्यवस्था झाली. एसएमपीएस बनवणारे मात्र काही वर्षे जुन्याच वळणावर राहिले. डब्यावर ४०० वॉट छापलेले, पण त्यातला मोठा वाटा ३.३ आणि ५ व्होल्टचा, असा माल सर्रास विकला जाई. छापलेला वॉटचा आकडा हा एसएमपीएसवरचा सर्वांत फसवा आकडा, आणि १२ व्होल्टपुढचे अँपिअर हा सर्वांत खरा.

२००४ मध्ये हे सारे धागे एकत्र आले. त्या वर्षी बाजारात आलेल्या पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमधून ग्राफिक्स कार्डाला ७५ वॉट मिळू लागले, सहा पिनांच्या कनेक्टरमधून आणखी ७५. एनव्हिडियाने जिफोर्स ६८०० अल्ट्रासाठी ४८० वॉटच्या एसएमपीएसची शिफारस केली तेव्हा अनेकांच्या भुवया उंचावल्या. काही महिन्यांतच तिने थ्रीडीएफएक्सच्या जोडीचे एसएलआय हे जुने नाव पुन्हा काढून तशी दोन कार्डे एकाच मदरबोर्डवर बसवायची सोय केली. पुढच्या वर्षी प्रतिस्पर्धी एटीआयने तशीच क्रॉसफायर ही सोय आणली. २००७ पर्यंत १५० वॉटचा आठ पिनांचा कनेक्टरही रूढ होऊ लागला. ज्यांच्याकडे जुना एसएमपीएस होता त्यांच्यासाठी सीडी ड्राइव्हच्या खणात बसणारे, फक्त ग्राफिक्स कार्डांना वीज पुरवणारे छोटे जोड-एसएमपीएसही निघाले. तो तात्पुरता इलाज होता आणि लवकरच मागे पडला.

ओव्हरक्लॉकिंगने हिशेब आणखी बिघडवला. चिपची वीज वारंवारितेच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. २००८ चा कोअर आय-७ ९२० हा १३० वॉटचा, २.६६ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर. तो ४ गिगाहर्ट्झवर न्यायचा तर वारंवारिता दीडपट होते. त्यासाठी व्होल्टेज दहा टक्के वाढवले, तर वीज १.५ गुणिले १.२१, म्हणजे सुमारे १.८ पट होते: ढोबळमानाने २३५ वॉट. त्याच्या जोडीला २०१० ची दोन जिफोर्स जीटीएक्स ४८० कार्डे, प्रत्येकी २५० वॉटची. इतर भागांचे ७५ धरले तर बेरीज ८१० वॉटवर जाते, आणि त्यातले साठाहून अधिक अँपिअर एकट्या १२ व्होल्टच्या वाहिनीवर येतात. कार्डेही ओव्हरक्लॉक केली की हजार वॉटचा एसएमपीएस ही चैन उरत नाही. त्याची कार्यक्षमता ८५ टक्के असेल तर भिंतीतून साडेनऊशे वॉट ओढले जातात.

या काळातला सर्वांत गाजलेला वाद वाहिन्यांचा होता. सुरक्षिततेच्या नियमानुसार कोणत्याही एका वाहिनीवर २४० व्होल्ट-अँपिअरची, म्हणजे १२ व्होल्टला २० अँपिअरची मर्यादा होती. म्हणून १२ व्होल्टचे दोन, तीन, चार भाग पाडले गेले. एका कार्डाच्या पीसीत याचा त्रास नव्हता. पण दोन कार्डांच्या वायरी एकाच वाहिनीवर पडल्या, तर ती मर्यादा ओलांडून एसएमपीएस ऐन खेळात बंद पडे आणि शेजारची वाहिनी जवळजवळ मोकळीच राही. पीसी पॉवर अँड कूलिंगसारख्या कंपन्यांनी एकच सलग, मोठी वाहिनी हा आपला झेंडा केला. दुसऱ्या बाजूचे म्हणणेही पोकळ नव्हते: एखादी वायर शॉर्ट झाली तर साठ अँपिअरची वाहिनी तिला वितळेपर्यंत वीज पुरवत राहील. इंटेलने पुढे २४० ची सक्ती आपल्या मार्गदर्शिकेतून काढली. हजार वॉटच्या घरात सलग वाहिनीची सरशी झाली. तांत्रिकदृष्ट्या दोन्ही रचना नीट चालतात. वायरी कशा वाटायच्या ही चिंता ग्राहकाच्या माथी मारू नये, एवढाच त्यातला खरा मुद्दा होता.

कार्यक्षमतेकडे लक्ष वेधले ते २००४ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ८० प्लस या प्रमाणपत्राने. २०, ५० आणि १०० टक्के भारावर किमान ८० टक्के कार्यक्षमता ही त्याची मूळ अट. कांस्य, रौप्य, सुवर्ण या पायऱ्या नंतर आल्या.

जोडीच्या या शर्यतीचे टोक गाठले गेले २०१४ मध्ये. एएमडीच्या आर-९ २९५एक्स२ या एकाच कार्डावर दोन चिप होत्या आणि ते ५०० वॉटचे होते. स्लॉट आणि दोन आठ-पिनी कनेक्टर मिळून मानकात बसतात ३७५ वॉटच, पण कंपनीने ते बिनदिक्कत ओलांडले. त्यानंतर उतार लागला. दोन कार्डे आळीपाळीने चित्रे काढत तेव्हा खेळ सूक्ष्म हिसक्यांनी अडखळे. मागच्या चित्राचा आधार घेणारी नवी तंत्रे या वाटणीत बसेनात. डायरेक्टएक्स १२ ने दोन कार्डांची जबाबदारी खेळ लिहिणाऱ्यांवर टाकली, आणि त्यांच्यातल्या फार थोड्यांनी ती उचलली. २०२१ च्या सुरुवातीपासून एनव्हिडियाने एसएलआयसाठी नवे ड्रायव्हर-प्रोफाइल देणे थांबवले.

जोडी मोडली तरी भूक उरली. २०२२ चे आरटीएक्स ४०९० एकटे ४५० वॉटचे आहे. त्याच्या ६०० वॉटच्या नव्या कनेक्टरच्या पिना वितळल्याच्या तक्रारी आल्या. त्याच वर्षीच्या एटीएक्स ३.० मध्ये एसएमपीएसने क्षमतेच्या दुप्पट भार १०० मायक्रोसेकंद सोसावा, अशी तरतूद झाली, कारण आजची कार्डे सरासरीपेक्षा क्षणिक उसळ्यांनी एसएमपीएसला जास्त छळतात. २०२५ च्या ५७५ वॉटच्या आरटीएक्स ५०९० साठी एनव्हिडियाची शिफारस हजार वॉटचीच आहे, एका कार्डासाठी.