वादळी गाळवहन : मुसी–कृष्णा खोरे

वादळी पावसाने, पुराने किंवा लाटांनी माती व रेती एका जागेवरून उचलली जाऊन दुसरीकडे साचणे, या क्रियेला वादळी गाळवहन म्हणता येईल. प्रवाहाचा वेग वाढला की त्याची गाळ वाहण्याची क्षमता वेगाच्या प्रमाणापेक्षा कितीतरी अधिक वाढते. म्हणून नदी एरवी कित्येक महिन्यांत हलवणार नाही एवढा गाळ वादळाच्या एखाद्या दिवसात हलवते.

बंगालच्या उपसागरावरून आलेल्या वादळी पावसाने 28 सप्टेंबर 1908 रोजी हैदराबादेत मुसीला आलेला महापूर हे याचे ठळक उदाहरण होय. नदीच्या उत्तर तीरावरील अफझलगंज वस्तीला त्याचा जबर तडाखा बसला. तेथील पूल व रुग्णालय उद्ध्वस्त झाले आणि रुग्णालयाच्या आवारातील चिंचेवर चढलेले सुमारे दीडशे लोक वाचले. शहरातील मृतांची संख्या सुमारे 15,000 मानली जाते. निजामाने पाचारण केलेल्या मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी 1909 मध्ये पुराची कारणे तपासली, तेव्हा शहराच्या वरच्या 862 चौरस मैल पाणलोटात 788 तलाव असून त्यांपैकी 221 फुटल्याचे नोंदले गेले. तलाव पाण्याबरोबर गाळही अडवतो. त्यामुळे बांध फुटला की पाण्याच्या लोंढ्यासोबत तळाशी वर्षानुवर्षे बसलेला पोयटाही खरवडला जातो, आणि वरचा तलाव फुटल्याने खालचा फुटत जाऊन हा भार वाढतो. पुराच्या वर्णनांत पाण्याची उंची आवर्जून येते, गाळाकडे मात्र क्वचितच लक्ष जाते. पुरावर उपाय म्हणून उस्मानसागर (1920) व हिमायतसागर (1927) हे जलाशय बांधले गेले, ज्यांनी पुराला लगाम घातला आणि ओघाने गाळालाही.

मुसी वाडपल्लीजवळ कृष्णेला मिळते आणि कृष्णा दिवीसीमेच्या परिसरात समुद्राला. नदीत गाळ एकाच दिशेने उतरतो. मुखाजवळच्या भरती-ओहोटीच्या पट्ट्यात, म्हणजे ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलाच्या मैदानांत व खाजणांत, तो दोन्ही दिशांनी फिरतो. उथळ पाण्यावरच्या वादळी लाटा मैदानाचा तळ ढवळतात. भरतीबरोबर तो गढूळ भार खाजणात शिरतो, तेथे तिवरांच्या मुळाखोडांनी वेग मोडल्याने त्यातला काही खाली बसतो, आणि उरलेला ओहोटीबरोबर समुद्राकडे जातो. यामुळे एकाच वादळात खाजणाची समुद्राकडील कड कापली जाते, तर आतला पृष्ठभाग उंचावतो. घट्ट बसलेली चिकणमाती सहजी सुटत नाही, ताजा चिखल मात्र साध्या लाटेनेही उठतो. लाटा यांपैकी कशावर आदळतात हे पाण्याच्या पातळीवर अवलंबून असल्याने वादळाचा परिणाम त्याच्या जोराइतकाच ते भरतीच्या कोणत्या टप्प्यावर आले यावरही ठरतो.

दिवीसीमेवर 19 नोव्हेंबर 1977 रोजी आलेल्या चक्रीवादळात वाऱ्याने किनाऱ्याकडे लोटलेल्या पाण्याचा फुगवटा, म्हणजे वादळी उसळी, दूरवर आत शिरून हजारो माणसे दगावली. अशी उसळी समुद्रतळाची वाळू आणि खारट चिखल शेतांवर पसरवते, तर परतताना ओढे-खाड्यांची पात्रे खोल करते. झिजलेली कड पुन्हा भरून येण्यासाठी नदीचा नवा गाळ लागतो, आणि कृष्णेवरील धरणे व विजयवाड्याचा प्रकाशम बॅरेज यांमुळे मुखापर्यंत पोहोचणाऱ्या गाळाचा मोठा हिस्सा वाटेतच अडतो.