‘डार्क शॅडोज’ : अखंड मालिका आणि पिशाच्चाचा पश्चात्ताप

गॉथिक कथा आणि दुपारची दूरचित्रवाणी-मालिका हे दोन प्रकार प्रथमदर्शनी परस्परविरोधी वाटतात. गॉथिक कथेला शेवट अपरिहार्य असतो. होरेस वॉलपोलच्या ‘द कॅसल ऑफ ऑट्रान्टो’ (१७६४) या कादंबरीत पूर्वजाचे पाप वंशजांना भोवते, अखेरीस किल्ल्याच्या भिंती कोसळतात आणि कथा संपते. ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’त (१८९७) रक्तपिपासू पिशाच्चाचा, म्हणजे व्हँपायरचा, वध हाच शेवट होय. उलट, मालिकेला शेवट परवडत नाही. १९३० नंतरच्या दशकात अमेरिकन नभोवाणीवर गृहिणींसाठी दिवसा ज्या कौटुंबिक कथामाला सुरू झाल्या, त्यांचा खर्च साबणाचे कारखानदार सोशीत. ‘सोप ऑपेरा’ हे थट्टेचे नाव त्यावरूनच पडले. आजचा प्रसंग उद्यावर सोपवणे, हे या प्रकाराचे तंत्र होते आणि दूरचित्रवाणीने ते तसेच उचलले. या दोन प्रकृती एकत्र आल्या असता काय घडते, हे ‘डार्क शॅडोज’ या मालिकेच्या आधारे पाहावयाचे आहे.

डॅन कर्टिस यांनी निर्मिलेली ही मालिका एबीसी वाहिनीवर २७ जून १९६६ पासून २ एप्रिल १९७१ पर्यंत चालली आणि तिचे १,२२५ भाग झाले. व्हिक्टोरिया विंटर्स ही अनाथ तरुणी मेन राज्यातील कॉलिन्सपोर्ट या कल्पित गावी एका जुन्या घराण्यात शिक्षिका म्हणून येते, असा तिचा आरंभ आहे. ‘जेन एअर’ची (१८४७) परंपरा येथे उघड दिसते. भुतांविषयी प्रथम केवळ कुजबुज होती; पण काही महिन्यांतच जोसेट या मृत स्त्रीचे भूत तसबिरीतून बाहेर आले आणि संदेहाला जागा उरली नाही. तथापि मालिकेला प्रेक्षक मिळेनात.

एप्रिल १९६७ मध्ये एक चोर रत्नांच्या लोभाने साखळदंडांनी बांधलेली शवपेटी उघडतो, आणि बार्नबस कॉलिन्स हा पिशाच्चरूप पूर्वज जागा होतो. जोनाथन फ्रिड यांनी वठवलेले हे पात्र थोड्याच काळापुरते योजले होते. आरंभीचा बार्नबस निखालस दुष्ट आहे. मॅगी इव्हान्स या मुलीला कोंडून तिच्यातून आपली जोसेट पुन्हा घडवण्याचा तो यत्न करतो. परंतु प्रेक्षकसंख्या वाढू लागली. शाळेतून घरी परतणारी मुलेही संचासमोर बसू लागली. येथे खरा पेच उभा राहिला. गॉथिक नियमाप्रमाणे याला मारावयास हवे. मालिकेच्या नियमाप्रमाणे याला मारता येत नाही. शिवाय ज्याचा केवळ तिटकारा यावा, अशा पात्राच्या सहवासात प्रेक्षकाला वर्षानुवर्षे ठेवणेही अवघड.

या पेचातून दोन वाटा निघाल्या. डॉक्टर ज्युलिया हॉफमन हे पात्र आले आणि शापावर वैद्यकीय उपचार सुरू झाले. शाप हा रोग ठरला, की बरे होण्याची आशा संभवते. आणि आशा ही उद्याच्या भागाची तरतूद असते. दुसरी वाट अधिक धीट होती. नोव्हेंबर १९६७ मध्ये मृतात्म्यांना आवाहन करण्याच्या एका बैठकीतून व्हिक्टोरिया १७९५ सालात जाऊन पडते, आणि पुढे चार महिने कथा त्याच काळात चालते. अँजेलिक ही चेटूक जाणणारी दासी प्रेमभंगाच्या सूडाने बार्नबसला शाप देते. जोसेट कड्यावरून उडी घेते. पित्याला मुलाचा वध करवत नाही, म्हणून तो शवपेटी साखळदंडांनी बंद करवतो. शवपेटीचे आणि कड्याचे भवितव्य प्रेक्षकाला आधीच ठाऊक होते. म्हणून ‘पुढे काय’ हा मालिकेचा नेहमीचा प्रश्न मागे पडून ‘हे असे कसे झाले’ हा प्रश्न पुढे आला, आणि भयाची जागा करुणेने घेतली. व्याकरणाच्या परिभाषेत बोलावयाचे, तर ड्रॅक्युलाचे दुष्कृत्य पूर्ण भूतकाळात असते. बार्नबसचे अपूर्ण भूतकाळात राहते.

हा सारा धंद्याचा हिशेब होता, असा आक्षेप येईल. तो खरा आहे. पण त्याने प्रश्न मिटत नाही. १९७० मध्ये कर्टिस यांनीच, फ्रिड यांनाच घेऊन, ‘हाउस ऑफ डार्क शॅडोज’ हा चित्रपट काढला. पात्र तेच, नट तोच, दिग्दर्शक मालिकेचा निर्माताच. परंतु चित्रपटाला शेवट हवा होता. तेथे उपचार फसतात, बार्नबस ज्युलियाचा गळा घोटतो आणि शेवटी मारला जातो. मालिका मात्र त्याला तगवून धरीत होती. फरक केवळ प्रकाराचा होय.

याला जुना दाखलाही आहे. १८४५ ते १८४७ या काळात लंडनमध्ये एकेक पेनीच्या अंकांतून ‘व्हार्नी द व्हँपायर’ ही प्रदीर्घ कथा प्रसिद्ध झाली. तिचा नायकही लांबत लांबत स्वतःच्या जिण्याला विटतो आणि अखेर व्हेसुव्हियस ज्वालामुखीत उडी टाकतो. पश्चात्तापदग्ध पिशाच्चाचे श्रेय पुष्कळदा ॲन राइस यांच्या १९७६ मधील कादंबरीला दिले जाते. वरील दोन उदाहरणे पाहता, त्या श्रेयाचा मोठा वाटा क्रमशः चालणाऱ्या, म्हणून हलक्या मानल्या गेलेल्या, कथाप्रकाराकडे जातो, असे म्हणावे लागते. ज्याला संपवता येत नाही त्याला समजून घ्यावे लागते, हा धडा या प्रकाराने गरजेपोटी गिरवला. गरजेतून आला, म्हणून त्याचे वाङ्मयीन मोल उणे ठरत नाही.