सव्वाशे वर्षांच्या पाण्यावर दोन रात्री

केरळातल्या तेक्कडीच्या धक्क्यावरून संध्याकाळची शेवटची बोट सुटते. तुम्ही तिच्यात बसलाय, लाइफ जॅकेटचे पट्टे नीट आवळा. त्यामागं एक दुःखद कारण आहे, त्याकडे येऊच.

पाण्यातून वर आलेले काळे खुंट दिसायला लागतात. कुठं एकटाच, कुठं दहा-बारा जवळजवळ. त्यातल्या एकावर तिरंदाज पक्षी पंख पसरून बसलाय. त्याच्या पिसांत पाणी मुरतं, म्हणून प्रत्येक बुडीनंतर त्याला असं वाळत बसावं लागतं. थोडं थांबा. तो पुन्हा पाण्यात शिरतो, नुसती लांबसडक मान वर ठेवून पोहतो, दिसेनासा होतो आणि चोचीत भोसकलेला मासा घेऊन वर येतो. मान झटकून मासा हवेत उडवतो, झेलतो आणि डोक्याकडून गिळतो. पुन्हा त्याच खुंटावर जाऊन बसतो.

त्या खुंटावरच नजर ठेवा. आता साल १८८०.

तुमच्या पायाखाली बोट नाही, दरीतला ओला पाचोळा आहे. तळं अजून नाहीच. खाली कुठंतरी पेरियार नदी दगडांवरून धावतेय, पण झाडीमुळं दिसत नाही. खुंटाच्या जागी एक झाड उभं आहे. त्याचा बुंधा तुमच्या कवेत मावणार नाही. उंचावरच्या ढोलीत राजधनेशाची मादी स्वतःला लिंपून घेऊन बसलीय. फटीतून फक्त चोचीचं टोक दिसतं आणि नर एकेक उंबर त्या टोकाशी नेऊन देतो. वरच्या फांदीवरून एक शेकरू पलीकडच्या झाडावर झेप घेतं. आपल्या भीमाशंकरच्या शेकराचंच हे दक्षिणेतलं भावंड, रंगानं जास्त गडद. सह्याद्रीच आहे हा, आपल्या घाटांपासून खूप दक्षिणेला आलेला.

१८८६ मध्ये त्रावणकोरचे महाराज आणि मद्रासचं ब्रिटिश सरकार यांच्यात करार होतो. ८,००० एकर जमीन, एकरी ५ रुपये वार्षिक भाडं, मुदत ९९९ वर्षं. पश्चिमेला वाहणारं पाणी अडवायचं, डोंगर पोखरून पूर्वेला वळवायचं आणि मदुराईच्या कोरड्या मुलखाला द्यायचं, अशी ही योजना. पुढच्याच वर्षी जॉन पेनिक्विक या इंजिनिअरच्या देखरेखीखाली काम सुरू होतं. दिवसभर बांधकामावर उभे राहा. चुना आणि सुरखी कालवली जातेय, पाऊस थांबत नाही. पूर येतो आणि महिन्यांची मेहनत घेऊन जातो. झोपड्यांतून हिवतापानं माणसं मरतात. धरणाजवळ त्या काळातलं कबरस्तान आजही आहे. पण तिथं सगळ्यांना जागा मिळाली असेल असं मला वाटत नाही. डोक्यावर घमेली वाहणारे तर बहुतेक नावानिशी कुठंच उरले नाहीत, आणि हे तळं पाहताना त्यांची आठवण ठेवणं मला आपलं कर्तव्य वाटतं.

१० ऑक्टोबर १८९५ ला मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड वेनलॉक धरणाचं उद्घाटन करतात. तुम्ही मात्र दरीतच थांबा. पाणी चढत जातं आणि झाडं उभ्याउभ्या बुडतात. मुळांना हवा मिळत नाही, पानं झडतात, फांद्या मोडून पडतात. पाण्याखालच्या लाकडाला मात्र कुजायला लागणारा प्राणवायूच मिळत नाही. म्हणून बुंधे टिकतात, आणि धनेशाचं झाड तिरंदाजाचं होतं.

बोट एडप्पाळयमला लागते. त्रावणकोरच्या महाराजांचा उन्हाळी मुक्कामाचा हा वाडा आता मोजक्या खोल्यांचं लॉज आहे. हत्तींनी आत येऊ नये म्हणून भोवती चर खणलेला आहे आणि अंधार पडल्यावर चराबाहेर पाऊल टाकायला मनाई. जेवण उरकून व्हरांड्यात येऊन बसा. १९३० च्या सुमारास याच किनाऱ्यावर बंदुकीचे आवाज यायचे, कारण वाघ-गवे मारणं हा मोठ्या लोकांचा खेळ होता. तरीही त्याच काळात महाराजांनी रॉबिन्सन नावाचा वॉर्डन नेमला आणि तळ्याभोवतीचं रान अभयारण्य म्हणून राखलं. पुढं १९५० मध्ये त्याची हद्द वाढली, १९७८ मध्ये पेरियार व्याघ्र प्रकल्प झाला.

पहाटे गाइड येतो. पन्नाशीचा, सडपातळ, बोलणं बेताचं. तो तुमच्या पायांत गुडघ्यापर्यंतचे खाकी कापडी मोजे चढवतो, त्यावर तंबाखूची पूड चोळतो. जळवांसाठी. बांबूच्या तराफ्यावरून पलीकडं उतरता आणि वीस पावलांत उजेड हिरवा होतो. शीळकरी कस्तूर ओढ्याशी गातोय, काळी वानरं वरून हुंकारतात. गाइड हात आडवा करून तुम्हाला थांबवतो.

"सार, आना."

गवताळ काठावर हत्तींचा कळप आहे. पाणी उतरलं की या उघड्या पडलेल्या पट्ट्यात कोवळं गवत येतं, त्यासाठी हत्ती आणि गवे खाली उतरतात. एक मादी पुढच्या पायानं गवताचा बुडखा सैल करते, सोंडेनं उपटते, गुडघ्यावर आपटून माती झाडते आणि मगच तोंडात घालते. पिल्लू तिच्या पोटाखालून तेच करून बघतं, त्याला जमत नाही. मोजत जा. सगळ्या माद्या आणि पिल्लं. आता काळ चाळीस वर्षं मागं न्या. १९८० च्या दशकात हा कळप असाच दिसतो, पण सुळेवाला नर हुडकायला आख्खं जंगल पालथं घालावं लागतं. आशियाई हत्तींत मोठे सुळे नरालाच असतात, आणि हस्तिदंताच्या चोरट्या शिकारीनं इथले नर इतके मारले की एका प्रौढ नरामागं शंभराहून अधिक माद्या उरल्या. जन्मणारी पिल्लं कमी झाली. गोळी न लागलेल्या माद्यांनाही त्या शिकारीची झळ बसली.

वाटेत गाइड एका मध्यम उंचीच्या झाडापाशी थांबतो. पान तोडून तुमच्या तळहातावर ठेवतो. देठापासून निघालेल्या तीन ठळक शिरा, चुरगळलं की दालचिनीचा वास. हे वायणा, रानदालचिनी. आता १९९० च्या दशकातली रात्र आहे आणि तोच माणूस तिशीही न ओलांडलेला, याच झाडाची साल कोयत्यानं सोलतोय. पोतं भरून चोरून विकायची, पकडलं गेलं की तुरुंग, सुटलं की पुन्हा रान. मांसासाठी प्राणीही मारायचे. या लोकांपुढं वन खात्यानं १९९८ च्या सुमाराला एक प्रस्ताव ठेवला : शस्त्रं आणि साल सोडा, खटले मागं घेऊ, रान तुम्हीच दाखवा आणि तुम्हीच राखा. साल काढणाऱ्यांची समिती झाली. चोरवाटा, लपायच्या जागा, पाणवठे सगळं त्यांना तोंडपाठ होतं, त्यामुळं शिकाऱ्यांना पकडण्यात त्यांच्याइतकं वाकबगार कुणी नव्हतं. मन्नान आणि पलियार या इथल्या मूळच्या आदिवासींतलेही अनेक जण आज गाइड आहेत. कुमळी या जवळच्या गावातल्या बायकांनी तर वसंतसेना उभारली. घरची कामं आटोपून त्या पाळीपाळीनं, पैसे न घेता जंगलात गस्त घालतात. संवर्धनावरची शंभर भाषणं मी या बायकांच्या एका फेरीवरून ओवाळून टाकीन.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा पाण्यावर. काठावर गवा दिसतो, तुम्ही नकळत उठायला लागता आणि बोटीवरचा माणूस कडक आवाजात खाली बसवतो. ३० सप्टेंबर २००९. याच तळ्यावर पर्यटकांनी भरलेली दुमजली बोट. काठावरचे प्राणी बघायला माणसं एका बाजूला झाली, बोट कलंडली आणि ४५ जण बुडाले. आजूबाजूला खुंट तसेच उभे होते. तुमच्या छातीवरच्या जॅकेटला तो दिवस कारण आहे. प्राणी समोर आल्यावर जागेवर बसून राहणं अवघड असतं, पण इथं तेवढं तरी आपण करायलाच हवं.

खुंटांच्या मधे पाणमांजरांचं कुटुंब डोकी वर काढून तुमच्याकडे पाहतं. त्यातलं एक मासा दोन्ही पंजांत धरून कडाकडा चावून खातं, हाडांचा आवाज बोटीपर्यंत येतो. हा क्षण कुठल्याच सालात नेऊ नका, इथंच बघा.

परतताना कोचीकडची गाडी धरू नका. कुमळीतून पूर्वेचा घाट उतरणारी बस घ्या. केरळच्या सीमेवरची चौकी ओलांडली की जंगल मागं राहतं आणि डोंगराच्या कुशीतून खाली येणारे मोठाले पाइप दिसतात. तळ्याचं पाणी त्यांतून लोअर कॅम्पच्या वीजघरात येतं आणि तिथून कंबमच्या खोऱ्यात पसरतं. भाताची खाचरं, नारळ, द्राक्षांचे मांडव. इथं पेनिक्विकचं स्मारक आहे, आणि त्याच्या जन्मदिवशी, १५ जानेवारीला, शेतकरी त्याच्या नावानं पोंगल शिजवतात.

शेजारच्या सीटवरचा म्हातारा तुमच्या बुटांवरचा चिखल बघून ओळखतो की तुम्ही वरून आलात. वाघ दिसला का, हत्ती किती, असलं काहीच तो विचारत नाही. त्याला भाताची रोपं टाकायची आहेत. धरणात पाणी किती फूट आहे, एवढंच तो दोनदा, मोठ्यानं विचारतो.