दिल्ली-एनसीआरमधील भाड्याचे घर : पाणी, नळदुरुस्ती आणि जबाबदारीची वाटणी

नवी दिल्ली : राजधानी परिसरात घर भाड्याने देताना भाडे आणि अनामत रकमेची बोलणी तपशीलवार होतात. गळकी जलवाहिनी कोणी बदलायची, वाढलेले पाण्याचे बिल कोणी भरायचे, हे मात्र अनेकदा करारात येत नाही. दिल्ली, नोएडा-गाझियाबाद आणि गुरुग्राम ही वस्ती सलग दिसत असली तरी तेथील भाडेकायदे वेगवेगळे आहेत. त्यामुळे वाद उद्भवल्यास लेखी कराराचे महत्त्व वाढते.

कायद्यातील तरतुदी

दिल्ली भाडे नियंत्रण कायदा, १९५८ च्या कलम ४४ नुसार घर सुस्थितीत ठेवणे हे घरमालकाचे कर्तव्य आहे. कलम ४५ नुसार पाण्यासारखी अत्यावश्यक सेवा योग्य कारणाशिवाय तोडता येत नाही. मात्र, मासिक भाडे ३,५०० रुपयांहून अधिक असलेल्या जागांना हा कायदा लागू नाही. आजच्या भाड्यांचा विचार करता राजधानीतील बहुतेक नवे करार त्याच्या कक्षेबाहेर राहतात. अशा वेळी करारातील अटी आणि मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ यांचा आधार घ्यावा लागतो.

केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात दुरुस्तीची स्पष्ट विभागणी आहे. जलवाहिन्या बदलणे आणि त्यांची दुरुस्ती घरमालकाकडे. नळ व वॉशर बदलणे, सांडपाण्याची नाली साफ करणे, शौचकूप, वॉशबेसिन आणि गीझर यांची दुरुस्ती भाडेकरूकडे. घरमालकाने आपल्या वाट्याची दुरुस्ती टाळल्यास भाडेकरू ती करून घेऊन खर्च भाड्यातून वळता करू शकतो. परंतु एका महिन्यातील ही वजावट भाड्याच्या निम्म्याहून अधिक असू शकत नाही. हा नमुना कायदा राज्यांनी स्वीकारल्यावरच लागू होतो. उत्तर प्रदेशने २०२१ मध्येच याच धर्तीवर स्वतःचा कायदा केला. गुरुग्राममध्ये हरियाणाचा १९७३ चा भाडे नियंत्रण कायदा आहे.

मीटर आणि बिल

दिल्ली जल बोर्डाच्या २०१५ मध्ये सुरू झालेल्या योजनेनुसार, चालू मीटर असलेल्या घरगुती ग्राहकाला महिन्याला २० किलोलिटरपर्यंत पाणी मोफत मिळते. मर्यादा ओलांडल्यास केवळ वाढीव नव्हे, तर संपूर्ण वापराचे बिल येते. माणशी दररोज १३५ लिटर हा शहरी पाणीपुरवठ्याचा प्रचलित निकष धरल्यास पाच जणांच्या कुटुंबाचा मासिक वापर २०,२५० लिटर होतो. म्हणजे एकाच मीटरवर दोन भाडेकरू कुटुंबे असतील, तर सवलत हातची जाण्याची शक्यता मोठी. फ्लशच्या टाकीतून मिनिटाला केवळ १०० मिलिलिटर गळती होत राहिली, तरी महिन्याला ४,३२० लिटर पाणी वाया जाते. गळतीची सूचना कोणी, कोणाला आणि किती दिवसांत द्यायची, हा प्रश्न म्हणूनच थेट पैशांचा आहे.

टाकी, पंप आणि क्षार

मे २०२४ च्या तीव्र टंचाईत दिल्ली सरकारने टाकी ओसंडून वाहिल्यास किंवा पाइपने वाहन धुतल्यास २,००० रुपये दंड जाहीर केला होता. मुख्य जलवाहिनीला थेट पंप जोडणेही नियमबाह्य आहे. पंपाच्या ओढीने वाहिनीतील दाब घटतो आणि फुटक्या सांध्यांतून आजूबाजूचे सांडपाणी आत शिरू शकते. दूषित पाण्याची तक्रार जल बोर्डाच्या १९१६ या क्रमांकावर करता येते.

बोअरवेलवर अवलंबून असलेल्या इमारतींत क्षारांचा त्रास अधिक जाणवतो. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याची स्वीकारार्ह कठीणता लिटरमागे २०० मिलिग्रॅम आहे. त्याहून अधिक क्षार गीझरच्या कॉइलवर आणि नळांच्या जाळीवर साचतात. हे नुकसान भाडेकरूच्या निष्काळजीपणाचे नसते. त्यामुळे त्याचा खर्च कोणाचा, हे आधीच ठरवावे. नोएडा आणि गाझियाबादमध्ये दसऱ्यानंतर गंगा कालवा सफाईसाठी बंद होतो, तेव्हा टँकरचा खर्च कोणी उचलायचा, हेही करारात असावे.

करारात काय नोंदवावे

ताबा देतानाचे मीटरचे आकडे छायाचित्रासह, नळ-फ्लश-गीझरची स्थिती, थकबाकी नसल्याची पावती, टाकी सफाईची मुदत आणि किरकोळ दुरुस्तीची कमाल रक्कम या बाबी लेखी असाव्यात. दुरुस्तीसाठी घरात येण्यापूर्वी किमान २४ तासांची सूचना देण्याची आदर्श कायद्यातील तरतूद करारात घालता येते. घर सोडताना अनामत रकमेतून होणाऱ्या कपातीचा हिशेब याच नोंदींवर ठरतो.