मडक्याला आपला नाद ऐकू येत नाही

दिंडीत पुढे चालणाऱ्याची एक अडचण असते. त्याला पुढचा रस्ता दिसतो, पताका दिसतात, पण मागच्यांचे चेहरे दिसत नाहीत. मागच्यांना मात्र त्याची पाठ दिवसभर दिसत असते. म्हणून पुढारी कसा आहे हे त्याच्यापेक्षा मागच्यांना जास्त ठाऊक असते. घरातला वडीलधारा असो, फडाचा प्रमुख असो की गावच्या सप्ताहाची जबाबदारी घेणारा असो, प्रत्येकाची गत हीच. आपले पुढारपण कसे आहे हे आपल्याला कळावे कसे? आपल्या संप्रदायाने या प्रश्नाचा विचार सातशे वर्षांपूर्वीच केला आहे. पन्नासएक वर्षे कीर्तनात उभा राहिलो, आता गळा थकला. तेव्हा उभ्याने सांगण्याऐवजी बसून लिहितो. गोड मानून घ्यावे.

आधी तेरला जाऊ. तेर, म्हणजे आपले तेरढोकी, धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीच्या काठी आहे. हे जुने तगर नगर. दोन हजार वर्षांपूर्वी इथला माल पैठणच्या मालाबरोबर भडोचच्या बंदरात जाई. इथल्या मातीच्या जुन्या वस्तू तेरच्या संग्रहालयात आजही पाहायला मिळतात. अशा या मातीच्या गावी गोरोबा कुंभार झाले. संतमंडळीत वडीलधारे म्हणून सगळे त्यांना काका म्हणत. शके १२३९, म्हणजे इसवी सन १३१७ मध्ये ते तेरलाच समाधिस्थ झाले.

परंपरा सांगते की संतमंडळी एकत्र बसली असताना मुक्ताईने काकांचे थापटणे पाहिले आणि हे काय म्हणून विचारले. काका म्हणाले, याने मडके कच्चे की पक्के ते कळते. मुक्ताई म्हणाली, आम्हीही मातीचीच भांडी, आमचीही परीक्षा करा. काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारायला सुरुवात केली. सगळे शांत बसले. नामदेवांची पाळी आली तेव्हा त्यांना ते सहन झाले नाही. विठ्ठल ज्यांच्या हातचा नैवेद्य जेवतो, ज्यांच्याशी बोलतो, त्यांच्या डोक्यावर कुंभाराने थापटणे मारावे? ते रागावले. काकांनी निकाल दिला की हे एवढे मडके कच्चे आहे. प्रसंगाचे ठिकाण कोणी वेगळे सांगतात, क्रमही वेगळा सांगतात, पण निकाल सगळे एकच सांगतात.

ही कथा मी शेकडो वेळा सांगितली असेल. सांगताना नेहमी नामदेवांच्या रागाचा अभिनय करायचो आणि लोक हसायचे. पुढे काय झाले यावर मात्र पुष्कळ वर्षे मी फारसा थांबलो नाही. खरी गोष्ट तिथून सुरू होते.

नामदेव पंढरीला आले. आपल्या माणसाकडे गाऱ्हाणे न्यावे तसे त्यांनी विठ्ठलाकडे नेले. आपण असे गाऱ्हाणे नेतो तेव्हा समोरच्याने काय म्हणावे हे आपण आधीच ठरवलेले असते. "तुझे काही चुकले नाही, तेच तसे आहेत," एवढेच आपल्याला ऐकायचे असते. पण पांडुरंगाने गोरोबांची बाजू घेतली. देवाने सांगितले की तुला अजून गुरू नाही, विसोबा खेचरांकडे जा. परक्याच्या तोंडून ऐकलेले बोल आपण झटकून टाकू शकतो. ज्याचे आपल्यावर प्रेम आहे त्यानेही तेच सांगितले, म्हणजे पळायला वाट उरत नाही.

नामदेव औंढ्या नागनाथाला गेले. तिथे विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजलेले दिसले. नामदेव पुन्हा चिडले. विसोबा म्हणाले, बाबा, मी म्हातारा, जिथे देव नसेल तिथे माझे पाय उचलून ठेव. पाय जिथे ठेवावेत तिथे पिंडी दिसू लागली आणि नामदेवांचे डोळे उघडले.

आता इतिहासाकडे पाहा. नामदेवांचा जन्म इसवी सन १२७० चा. ज्ञानोबा माउलींनी १२९६ मध्ये आळंदीला समाधी घेतली. नामदेवांनी १३५० मध्ये पंढरीत देह ठेवला. म्हणजे माउलींच्या मागे चौपन्न वर्षे हा संप्रदाय सांभाळणाऱ्यांत नामदेव अग्रभागी होते. ते उत्तरेत गेले, पंजाबात राहिले. गुरुदासपूर जिल्ह्यातल्या घुमान गावी त्यांचे स्थान आहे आणि शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात त्यांची एकसष्ट पदे आहेत. आपली भाषा न जाणणाऱ्या लोकांनी ज्याला आपला मानले, तो रागीट आणि मानी राहिला असता तर हे घडले असते का?

दुसरी गोष्ट चोखोबांची. मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळली आणि चोखोबा तिच्याखाली गेले. ते साल १३३८ मानतात. नामदेव मंगळवेढ्याला गेले, चोखोबांच्या अस्थी पंढरीला आणल्या आणि महाद्वारासमोर त्यांची समाधी केली. ज्या चोखोबांना देवळात पाय ठेवू दिला नाही, त्यांना देवाच्या दारात जागा दिली. आणि स्वतःसाठी नामदेवांनी कोणती जागा मागितली? महाद्वाराची पायरी. आत जाणाऱ्या प्रत्येक संताच्या पायाची धूळ आपल्यावर पडावी म्हणून. ज्या डोक्याला कुंभाराचे थापटणे सोसले नाही, त्या डोक्याने वारकऱ्यांचे पाय मागून घेतले. कच्चे मडके पक्के झाले ते असे.

मुक्ताईचे दुसरे उदाहरणही तुम्हाला ठाऊक आहे. लोकांच्या टोचणीने माउलींचे मन विटले आणि त्यांनी झोपडीची ताटी लावून घेतली. तेव्हा बाहेर उभी राहून बोलली ती त्यांची धाकटी बहीण. तिच्या बोलण्यातला एक बारकावा पाहा. ती त्यांना त्यांची चूक दाखवते, पण तुम्ही कोण आहात, तुमच्यावर जगाचा किती भार आहे, हे आठवण करून देऊन दाखवते. कुंभाराचे कामही असेच चालते. ओले मडके घडवताना तो बाहेरून थापटणे मारतो, तेव्हा आतून आधार धरलेला असतो. नुसते बाहेरून मारले तर मडके फुटेल. नुसता आतून आधार दिला तर त्याला आकार येणार नाही. सांगणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. ऐकणाऱ्यानेही ठेवावे, कारण थापटणे लागते तेव्हा आतला हात दिसत नाही.

ही झाली एकेकट्या संतांची गोष्ट. हजारो माणसांच्या सोहळ्यात हे कसे साधायचे? देहूहून तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये पालखीची प्रथा सुरू केली. पुढे एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी आळंदीहून माउलींच्या सोहळ्याला आजचे शिस्तीचे रूप दिले. बाबा सातारा भागातल्या आरफळचे, ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी सरदार होते. त्यांना फौज चालवण्याचा अनुभव होता. दिंड्यांचे क्रम, रथापुढच्या आणि रथामागच्या दिंड्या, घोडे, मुक्काम, चोपदार, या सगळ्यांत तो अनुभव दिसतो.

पण फौजेत नसते अशी एक गोष्ट या सोहळ्यात आहे. मुक्कामाच्या तळावर संध्याकाळी समाज आरती होते. पालखी मधे आणि भोवती दिंड्या. हजारो टाळ वाजत असतात. चोपदार हातातला चोप उंच करतो, "होऽऽ" अशी आरोळी देतो आणि एका क्षणात सगळे शांत होते. ज्यांनी ही शांतता अनुभवली त्यांना तिचे वर्णन सांगायला नको. मात्र ज्या दिंडीवर काही अन्याय झाला असेल, ज्यांचे काही गाऱ्हाणे असेल, ती दिंडी टाळ थांबवत नाही. सगळीकडे शांतता आणि एका कोपऱ्यात टाळ वाजतोय! चोपदार तिथे जातो, गाऱ्हाणे ऐकतो, त्याचा निवाडा होतो. मग हरवल्या-सापडल्याच्या वस्तू आणि दुसऱ्या दिवशी निघण्याची वेळ सांगतात आणि त्यानंतर आरती. म्हणजे ज्याची तक्रार आहे त्याचे ऐकल्याशिवाय माउलींची आरती पुढे जात नाही. हैबतबाबांचीही पायरी आळंदीच्या महाद्वारात आहे. पंढरीत नामदेवांची, आळंदीत हैबतबाबांची. आपल्या दोन मोठ्या पुढाऱ्यांच्या जागा या अशा आहेत.

एवढे सगळे मला पाठ होते. कीर्तनात मी ते रंगवून सांगायचो. आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो. ती सांगायला मला फार वर्षे लागली.

माझी पन्नाशी उलटली तेव्हा आमच्या छोट्या दिंडीची जबाबदारी माझ्याकडे आली. मी शिस्तीचा माणूस. आमची दिंडी वेळेवर निघायची, वेळेवर पोहोचायची, याचा मला अभिमान होता. चालता चालता मी मागे वळून विचारायचो, "काय माउली, काही त्रास?" सगळे म्हणायचे, "काही नाही, महाराज." मी समाधानाने पुढे चालायचो. मागच्या ओळींत टाळ मागे पडू लागला की मला संताप यायचा. "ताल सांभाळा!" म्हणून मी ओरडायचो. दिवेघाटाच्या चढावर तर दरवर्षी ओरडायचो.

एका वर्षी आमचा एक जुना टाळकरी आला नाही. वीस वर्षे आमच्याबरोबर चाललेला माणूस. त्याच वारीत तो मला दुसऱ्या दिंडीत दिसला. मला राग आला. कोणी त्याचे कान भरले असतील असे मी मनात धरले आणि तोंड फिरवले. त्या रात्री तळावर डोक्यावर तुळस घेऊन चालणाऱ्या आमच्या एका म्हाताऱ्या माउलीजवळ मी ते बोलून दाखवले. ती भाकरी मोडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "महाराज, तुम्ही विचारता खरं, पण चालता चालता विचारता. थांबत नाही. तुमच्या मागं चालताना आमचा जीव जातो. त्याला दम लागायचा, म्हणून टाळ मागं पडायचा. तुम्हाला वाटायचं ताल चुकला."

मी तिच्यावर चिडलो नाही असे लिहायला मला आवडले असते. मी चिडलो. उठून गेलो. तंबूत पडलो तरी झोप नाही. ज्या मडक्याची गोष्ट मी आयुष्यभर सांगत होतो, ते मडके मीच होतो. समाज आरतीत एका दिंडीचा टाळ थांबला नाही तर चोपदार तिथे धावतो. माझ्याच दिंडीत वर्षानुवर्षे टाळ गाऱ्हाणे सांगत होता आणि मी त्याला गप्प करत होतो.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांत मागे चाललो. तिथे काय दिसते ते पुढून कधी दिसले नव्हते. म्हातारी माणसे पाच मिनिटे टेकायची, तोवर पुढची निघून जायची. मग धावाधाव. पंगतीला पोहोचायची तेव्हा पहिली पंगत उठलेली असायची. त्यांनी याविषयी कधी चकार शब्द काढला नव्हता. मी मात्र त्या मुकेपणाला समाधान समजत होतो.

पंढरीत मी त्या टाळकऱ्याला शोधून त्याच्या पाया पडलो. तो उलट माझ्याच पाया पडला, म्हणाला, "तुमच्यावर राग नाही महाराज, माझे गुडघे गेले." मला बोल लावण्याचे त्याने टाळले. पुढच्या वर्षी तो आमच्या दिंडीत यायचा होता. त्या आधीच, माघात, तो गेला. मी त्याचे ऐकायला उशीर केला, ही खंत माझ्याबरोबर आहे आणि राहावी असेच मला वाटते.

तेव्हापासून मी तीन नेम पाळत आलो. विचारायचे असेल तर थांबून, बसून विचारायचे. ज्याला आपल्याकडून काही मिळवायचे नाही आणि ज्याचे आपल्यावर प्रेम आहे, अशा दोघांना वेगवेगळे विचारायचे आणि दोघे तेच म्हणाले तर ते खरे मानायचे. आणि ऐकल्यावर त्या दिवशी उत्तर द्यायचे नाही, कारण त्या दिवशी सुचते ते आपल्या बचावाचे असते. तिसरा नेम सगळ्यांत अवघड आहे. तो माझ्याकडून अजूनही मोडतो.

वाचक माउली, तुमच्या मागेही कोणीतरी चालत असेल. सून असेल, मुलगा असेल, फडावरचा पोरगा असेल. त्यांच्यापैकी कोणाचा टाळ सारखा मागे पडत असेल, तर त्याला ताल शिकवण्याआधी एकदा थांबून त्याच्याजवळ जाऊन बसा. तो जे सांगेल ते थापटण्यासारखे लागेल. पण गोरोबाकाकांनी नामदेवांना फुटके म्हटले नव्हते, कच्चे म्हटले होते. कच्चे मडके अजून भट्टीत जाऊ शकते.

रामकृष्ण हरि.